‘करण्यात आले’ : भोपाळ आणि व्यवस्थापनाचे व्याकरण

मराठी व्याकरणातील ‘प्रयोग’ हे प्रकरण बहुतेक विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधांची ती एक तांत्रिक मांडणी आहे, परीक्षेपुरती पाठ करावी आणि विसरून जावी, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः या प्रकरणात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ या आपल्या जुन्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जात असले, तरी कर्ता ‘ने’ हा प्रत्यय घेऊन वाक्यात उभाच असतो. इंग्रजीच्या संपर्कातून रूढ झालेल्या ज्या रचनेला आपण ‘नवीन कर्मणी’ म्हणतो, तिची गोष्ट वेगळी आहे. ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ या वाक्यातील ‘रामाकडून’ हा शब्द वगळला, तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. आंबा खाल्ला गेला. कोणी खाल्ला, हे सांगण्याचे बंधन उरत नाही. कचेऱ्यांतील मराठीने याच वाटेने पुढे जाऊन ‘करण्यात आले’, ‘ठरविण्यात आले’, ‘कळविण्यात येत आहे’ अशी रूपे घडवली. त्यांत कर्त्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

व्यवस्थापकांच्या नैतिक जबाबदारीविषयी जे लिहिले जाते, त्यात सचोटी, पारदर्शकता, सामाजिक बांधिलकी असे मोठे शब्द वारंवार येतात. प्रस्तुत लेखात त्या शब्दांपेक्षा एका वाक्यरचनेकडे पाहावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते भोपाळचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री तेथे जे घडले, त्याचे वर्णन ‘दुर्घटना’ या शब्दाने केले जाते. परंतु त्यामागील काही महिन्यांचा इतिहास वाचताना असे लक्षात येते, की ती रात्र अनेक लहान निर्णयांची बेरीज होती, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक निर्णय कर्ता नसलेल्या वाक्यात मांडता येतो.

कारखाना आणि त्याचा तोटा

युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाणारे कीटकनाशक तेथे तयार होत असे. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी द्रव्य आरंभी बाहेरून येई. पुढे वर्षाला ५,००० टन कीटकनाशक तयार करण्याचा परवाना मिळाला आणि १९८० च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेटही भोपाळातच तयार होऊ लागले. हे द्रव्य पाण्याच्या संपर्कात आले की तीव्र उष्णता निर्माण होते आणि त्याचा वायू होऊन दाब झपाट्याने वाढतो. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे लागते.

बाजाराचा अंदाज मात्र चुकला. दुष्काळाची वर्षे, शेतकऱ्यांची बेताची क्रयशक्ती आणि स्वस्त पर्यायांची स्पर्धा यांमुळे मागणी वाढली नाही. १९८३ मध्ये उत्पादन परवान्यातील क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी होते. कारखाना तोट्यात गेला, तो विकता येईल का याचा विचार सुरू झाला आणि खर्चकपात हे तेथील व्यवस्थापनाचे मुख्य काम झाले.

येथे एक गोष्ट न्याय्यपणे नोंदवावयास हवी. तोट्यातील कारखान्याचा खर्च कमी करणे हे स्वतःत अनैतिक नाही. ते व्यवस्थापकाचे कामच आहे. प्रश्न असा आहे, की कोणता खर्च कमी केल्यास त्याची किंमत कोण मोजणार, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची?

इशारे मिळत होतेच. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ मध्ये गळतीचे आणखी प्रकार घडले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या तज्ज्ञांनी कारखान्याची सुरक्षा-पाहणी केली. तात्काळ धोका नाही, असे त्यांच्या अहवालात म्हटले होते. परंतु विषारी द्रव्ये बाहेर पडण्याची शक्यता, उपकरणांची स्थिती आणि कामगारांचे प्रशिक्षण यांविषयी गंभीर शंकाही त्यात होत्या. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ पासून आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात या कारखान्याविषयी एकामागून एक इशारे छापले आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही लिहिले. मध्य प्रदेश विधानसभेत हा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा कामगारमंत्र्यांचे उत्तर असे होते, की कारखाना म्हणजे येथून उचलून तेथे ठेवता येईल असा दगड नव्हे. त्यात २५ कोटी रुपये गुंतलेले आहेत. केसवानी यांचे २०२१ मध्ये निधन झाले. आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद मानावा, असे त्यात काहीच नव्हते.

सहा वाक्ये

आता डिसेंबर १९८४ पूर्वीच्या काळातील काही घटना आपण कचेरीच्या मराठीत लिहून पाहू.

मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा उन्हाळ्यात बंद करण्यात आली. तिच्यातील शीतकारक द्रव्य अन्यत्र वापरण्यासाठी काढून घेण्यात आले. गळती झाल्यास वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर ऑक्टोबरपासून राखीव अवस्थेत ठेवण्यात आला. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरचा गंजलेला नळ काढण्यात आला आणि नवा बसविण्यात आलेला नव्हता. मिथाइल आयसोसायनेट विभागातील पाळीवरच्या कामगारांची संख्या बारावरून सहावर आणण्यात आली. दुसऱ्या पाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाचे पद रद्द करण्यात आले.

ही सहा वाक्ये मराठी म्हणून निर्दोष आहेत. कोणत्याही वार्षिक अहवालात ती शोभून दिसतील. ती एकेकटी वाचली तर प्रत्येकीमागे काहीतरी कारणही सापडते. उत्पादन थांबलेले आहे, मग स्क्रबर सतत चालू कशासाठी? नळ गंजला आहे, तर तो काढलाच पाहिजे. विकावयाच्या कारखान्यात माणसे कशाला वाढवावयाची? परंतु २ डिसेंबरच्या रात्री ई-६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. उत्पादन थांबले होते. साठा थांबलेला नव्हता. टाकीच्या आणि शहराच्या मध्ये जे जे अडसर उभे असावयास हवे होते, ते सारे या सहा वाक्यांनी एकेक करून दूर झालेले होते.

या वाक्यांचे कर्तरी प्रयोगात रूपांतर करा, असे विद्यार्थ्यांना सांगितले तर ते प्रथम विचारतील, ‘कर्ता कोण धरायचा?’ हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. रेफ्रिजरेशन बंद करण्याचा विचार कोणाच्या मनात आला, कोणी त्यावर सही केली, कोणी ते पाहून मान डोलावली आणि कोणाला ते माहीत असूनही त्याने काही म्हटले नाही, या चारही जागी वेगवेगळी माणसे असू शकतात. मोठ्या संस्थेत निर्णय असा विभागला जातो, की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा एक तुकडा येतो आणि परिणाम कोणाच्याच वाट्याला येत नाही. नोकरशाहीला हॅना आरेंट यांनी ‘कोणाचेच नसलेले राज्य’ म्हटले, ते १९७० मध्ये. जेथे जाब विचारावा असा कोणीच नसतो, तेथील सत्ता सर्वांत जाचक ठरू शकते, हा त्यांचा विचार खाजगी कंपनीलाही तितकाच लागू पडतो.

ती रात्र

टाकीत पाणी कसे शिरले, याविषयी दोन मते आहेत. नळ धुताना पुरेसा अडसर न घातल्यामुळे पाणी आत गेले, हे एक. असंतुष्ट कामगाराने ते मुद्दाम सोडले, हे कंपनीचे म्हणणे दुसरे. रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. डोळ्यांची आग हीच तेथे गळती ओळखण्याची नेहमीची खूण झाली होती, म्हणून चहाच्या सुटीनंतर पाहू, असे ठरले. मध्यरात्रीनंतर टाकीतील दाब आवरेनासा झाला. वायू ज्या उंचीवरून बाहेर पडत होता, तेथवर पाण्याचे फवारे पोहोचले नाहीत. वस्तीला सावध करणारा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद झाला, कारण लहानसहान गळतीने लोकांना घाबरवू नये, अशी तेथील पद्धत होती. लोक झोपेतून उठून धावले, आणि कोणत्या दिशेने धावू नये हे त्यांना सांगणारे कोणीही नव्हते. इस्पितळांतील डॉक्टरांना वायूचे नाव आणि त्यावरील उपचार ठाऊक नव्हते. राज्य सरकारने निश्चित केलेला मृतांचा आकडा ३,७८७ होता. पुढे नुकसानभरपाईसाठी ५,२९५ मृत्यू ग्राह्य धरले गेले. पीडितांच्या संघटनांच्या मते खरा आकडा याहून कितीतरी मोठा आहे.

त्याच रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक कामावर होते. फलाटावर गोरखपूरकडून आलेली प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती आणि तिच्या सुटण्याच्या वेळेला अवकाश होता. वरिष्ठांची परवानगी मागावी, ती यावी, मग गाडी सोडावी, हा नियम. दस्तगीर यांनी वाट पाहिली नाही. जबाबदारी आपली, असे सहकाऱ्यांना सांगून त्यांनी गाडी वेळेआधी सोडली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबवण्यासाठी शेजारच्या स्थानकांना निरोप दिले. त्या रात्रीच्या विषाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

दस्तगीर यांच्याकडे नीतिशास्त्राचा कोणता ग्रंथ होता असे नाही. त्यांचे पद कारखान्यातील अनेक अधिकाऱ्यांच्या पदांपेक्षा लहान होते, अधिकार मर्यादित होता आणि हाताशी असलेली माहिती तर फारच अपुरी होती. फरक एवढाच, की त्यांचा निर्णय कर्तरी प्रयोगात होता. ‘गाडी सोडण्यात आली’ असे त्या रात्रीविषयी म्हणता येत नाही. गाडी दस्तगीरांनी सोडली.

तीन आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला घातपाताचा. पाणी जर कोणी मुद्दाम सोडले असेल, तर व्यवस्थापनाचा दोष काय? परंतु हा युक्तिवाद खरा मानला, तरी तो पुरा पडत नाही. सुरक्षेची साधने असतात ती अनपेक्षितासाठीच. चूक, अपघात की दुष्टावा, हे पाहून स्क्रबर काम करीत नाही. ज्याने पाणी सोडले असेल त्याची जबाबदारी टाकीपर्यंत. टाकीपासून शहरापर्यंतच्या वाटेची जबाबदारी वेगळी, आणि ती वाट आधीच मोकळी झालेली होती.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले, की व्यवस्थापक हा भागधारकांचा सेवक असून कायद्याच्या आणि रूढ नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच त्याची जबाबदारी. फ्रीडमन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे नीट वाचले तर त्यातील चौकटीची अट दिसते. दुसऱ्याच्या पैशाने परोपकार करू नये, असे ते म्हणतात. मग दुसऱ्याच्या जिवावर काटकसर कोणत्या न्यायाने करावयाची? जयप्रकाश नगरमधील किंवा काझी कॅम्पमधील माणूस कंपनीचा भागधारक नव्हता, ग्राहक नव्हता, बहुधा नोकरही नव्हता. कोणताही करार न करता तिचा सर्वांत मोठा धोका मात्र तो वाहत होता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खालच्या अधिकाऱ्याच्या हातात तरी काय असते? नकार दिला तर नोकरी जाईल आणि दुसरा कोणी तेच करील. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जबाबदारी पदाच्या उंचीप्रमाणे वाढली पाहिजे, हे मान्य करावयास हवे. परंतु नकार आणि आज्ञापालन यांच्या मध्ये एक तिसरी कृती असते : आपले मत आपल्या नावाने लेखी नोंदवणे. ‘ही यंत्रणा बंद करू नये असे माझे मत आहे’ हे वाक्य लिहिण्याने कारखाना थांबला नसता कदाचित. पण पुढच्या माणसाला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता आले नसते.

न्यायालयातील कर्ता

दुर्घटनेनंतर नैतिक जबाबदारी आपण स्वीकारतो, असे कंपनीने आरंभापासून सांगितले. कंपनीचे अमेरिकी अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला आले, त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ते परत गेले. ते पुन्हा न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. ‘नैतिक’ हे विशेषण येथे कोणते काम करते, ते पाहण्यासारखे आहे. एरवी नैतिक जबाबदारी ही कायदेशीर जबाबदारीहून मोठी मानली जाते. येथे मात्र ती कायदेशीर जबाबदारीच्या ऐवजी देऊ केलेली दिसते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात कंपनीने मांडले, की भोपाळचा कारखाना भारतीय कंपनीचा असून तो भारतीयच चालवीत होते. बहुराष्ट्रीय कंपनी ही एकच आणि अखंड आहे, ही भारत सरकारची भूमिका होती. मे १९८६ मध्ये खटला भारताकडे पाठवण्यात आला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. भारत सरकारची मूळ मागणी तीनशे कोटींहून अधिक डॉलर्सची होती. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

फौजदारी खटल्याची कथा याहून बोलकी आहे. सदोष मनुष्यवधाचा मूळ आरोप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूच्या कलमावर आणला. त्या कलमाखालील कमाल शिक्षा दोन वर्षांची. ७ जून २०१० रोजी, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, भोपाळच्या न्यायालयाने निकाल दिला. दोषी ठरलेल्यांची पदे क्रमाने वाचावीत : अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक, उपाध्यक्ष, वर्क्स मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर, प्लांट सुपरिंटेंडेंट, प्रॉडक्शन असिस्टंट. दोषी ठरलेला आणखी एक अधिकारी निकालापूर्वीच मरण पावला होता. शिक्षा दोन वर्षांची. जामीन त्याच दिवशी. अध्यक्षापासून साहाय्यकापर्यंत सर्वांना एकच माप, हे पाहिल्यावर वाटते, की न्यायालयालाही वाक्यातला कर्ता सापडला नाही. त्याने वाक्यातील सर्व नामे एका ओळीत उभी केली.

कायद्याने मात्र काही धडा घेतला, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ‘निरपवाद दायित्वा’चे तत्त्व मांडले : धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला, पुरेशी काळजी घेतली होती, ही सबब सांगता येणार नाही. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन असे ठरले, की कंपनीच्या बाबतीत तिच्या संचालकांपैकीच एक जण कारखान्याचा ‘भोगवटादार’ मानला जाईल. पूर्वी या जागी एखाद्या नोकरदार अधिकाऱ्याचे नाव देऊन संचालकांना निश्चिंत राहता येई. या दुरुस्तीकडे भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्ष द्यावे. ‘करण्यात आले’ या वाक्यात कायद्याने बळेच एक कर्ता बसवला. तेथे आता एक नाव लिहावेच लागते.

उरलेला प्रश्न

इंद्र सिन्हा यांच्या ‘ॲनिमल्स पीपल’ (२००७) या इंग्रजी कादंबरीत भोपाळसारख्या एका शहरातील माणसे गुन्हेगाराला एकाच नावाने ओळखतात : ‘कंपनी’. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या भाषेतही कर्त्याचे स्थान असे एका चेहरा नसलेल्या नामाने भरावे लागते, ही या इतिहासातील सर्वांत मोठी हानी नसेल, पण ती हानी आहेच. ज्याच्यावर रागवावयाचे, ज्याला क्षमा करावयाची, तो माणूसच समोर येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवण्यात आला आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत जाळण्यात आला. मधली चाळीस वर्षे तो तेथे कोणामुळे राहिला, हे सांगणारे वाक्य अद्याप लिहिले गेलेले नाही.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक्रम आता नीतिशास्त्राचा एक पेपर ठेवतात. तो असावाच. परंतु जे विद्यार्थी उद्या त्या कचेऱ्यांत बसणार आहेत, अहवाल आणि टिपणे लिहिणार आहेत, त्यांतील अनेक जण त्याआधी भाषेच्या वर्गातून जातात. तेथे प्रयोग शिकवताना एवढे तरी सांगता येईल, की कर्मणी प्रयोग चूक नाही, तो भाषेची गरज आहे. मात्र ज्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्याच्या श्वासावर होणार आहे, तो निर्णय लिहिताना कर्ता वगळण्याची मुभा व्याकरण देत असले, तरी नीती देत नाही. टाकी ई-६१० ची रेफ्रिजरेशन यंत्रणा बंद करण्यापूर्वी कोणाला तरी ‘ही मी बंद करीत आहे’ असे स्वतःच्या नावानिशी लिहावे लागले असते, तर त्याचा हात क्षणभर थबकला असता का, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या क्षणाची संधी तरी त्या वाक्याने दिली असती.